चेंडू सुटण्याआधीचं वाक्य

४ नोव्हेंबर २००१. ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निकालाचा सामना. नवव्या डावाचा उत्तरार्ध. न्यूयॉर्क यांकीज आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स २-२ बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, एक बाद. चेंडू यांकीजच्या मारियानो रिवेराच्या हातात, समोर ॲरिझोनाचा डावखुरा फलंदाज लुईस गोन्झालेस. तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटवर, पोचला की खेळ खलास. अशा वेळी सगळे करतात तेच यांकीजनी केलं. आतले क्षेत्ररक्षक पुढे ओढले. सरपटी फटका आला तर चेंडू उचलून थेट होम प्लेटकडे फेकायचा आणि धाव अडवायची.

फॉक्स वाहिनीवर जो बक वर्णन करत होता. शेजारी बसलेला टिम मॅकार्व्हर दोन चेंडूंमधल्या फटीत एवढंच म्हणाला की यात एक धोका आहे. रिवेरा डावखुऱ्यांना आत टाकतो, त्यांच्या बॅटी मोडतात आणि मेलेला फटका इनफिल्डच्या (आतल्या मैदानाच्या) जरा मागे जाऊन पडतो. असा पिचर (चेंडू टाकणारा) असताना क्षेत्ररक्षक पुढे आणले की पंचाईत तीच. वाक्य संपलं. रिवेराने चेंडू टाकला, तो गोन्झालेसच्या बॅटला मुठीजवळ लागला आणि पुढे आलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून जाऊन मागे अलगद पडला. सामना गेला, विजेतेपदही गेलं. जीटर नेहमीच्या जागी उभा असता तर तो झेल शाळकरी पोरानेही घेतला असता.

यात भविष्य वर्तवणं वगैरे काही नव्हतं. रिवेराचं हत्यार एकच होतं, कटर. दिसायला सरळ वेगवान चेंडू, पण शेवटच्या काही फुटांत तो डावखुऱ्याच्या हातांकडे सरकतो. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत अंतर ६० फूट ६ इंच, आणि ताशी ९५ मैलांचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. फलंदाजाने बॅट फिरवायचं ठरवलं तेव्हा चेंडू एका जागी असतो, बॅट पोचते तेव्हा चार बोटं आत. मग तो बॅटच्या जाड भागाऐवजी दांड्यावर बसतो. ताकद जाते, पण चेंडू वर उडतोच. तो पडणार कुठे, याचा हिशेब यष्टिरक्षकाला, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत कॅचरला, पाठ असतो. मॅकार्व्हर जन्मभर कॅचर होता.

माजी खेळाडूला माइकसमोर कशासाठी बसवतात, हे त्या एका वाक्यात आलं. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ हा युक्तिवाद सगळेच माजी खेळाडू करतात आणि तो खोटा नाही. पण कळणं वेगळं आणि वेळेवर सांगणं वेगळं. फटका पडून गेल्यावर ‘क्षेत्ररक्षक पुढे आणायलाच नको होते’ असं म्हणणारे पन्नास भेटतील. ते वरातीमागून घोडं. या धंद्यात आधी बोललेल्याला ‘फर्स्ट गेस’ म्हणतात, नंतर बोललेल्याला ‘सेकंड गेस’. माजी खेळाडूचं मोल करायचं तर त्याची धावसंख्या, पदकं, गालावरची खळी यातलं काही न बघता एकच बघावं: चेंडू सुटण्याआधी हा काय म्हणाला?

समालोचन कक्षातली कामाची वाटणी तशी साधी आहे. एक जण ‘काय झालं’ सांगतो, दुसरा ‘का झालं’. पहिला बहुधा पेशाने निवेदक, दुसरा माजी खेळाडू. चेंडू हवेत असेपर्यंत कक्ष पहिल्याचा. दुसऱ्याने तोंड उघडायचं ते खेळ थांबल्यावर आणि बंद करायचं ते पिचर पट्टीवर उभा राहण्याआधी. नवखा माजी खेळाडू पहिल्यांदा मार खातो तो इथेच. त्याला सांगायचं असतं चाळीस सेकंदांचं, हातात असतात दहा. गोष्ट अर्धी झालेली असताना चेंडू टोलवला जातो, निवेदकाला त्याच्या अंगावरून बोलावं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती ना गोष्ट लागते ना फटका. २०२३ पासून तर पिचरमागे घड्याळ लागलंय. बेस रिकामे असतील तर पुढचा चेंडू १५ सेकंदांत टाकायचा, धावपटू असेल तर तेव्हा २० सेकंदांत (पुढच्या वर्षी ते १८ झाले). पूर्वी सामना तीन तासांवर जायचा, तो पहिल्याच वर्षी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. प्रेक्षक खूश आहेत. समालोचकाला मात्र आता बोलायला आठ-नऊ सेकंदंच उरतात, आणि त्यात रिप्लेही दाखवायचा असतो. लांबण लावणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली, आणि ज्यांना एका वाक्यात सांगता येतं ते उठून दिसू लागले. माझ्या मते हा घड्याळाचा न मागता मिळालेला फायदा.

रेडिओवर वाटणी आणखी कडक. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं, त्यामुळे प्रत्येक चेंडूआधी तीन गोष्टी कानावर पडल्याच पाहिजेत: किती बाद, धावपटू कुठे, आणि मोजणी काय, मोजणीत बॉल (आवाक्याबाहेरचे चेंडू) आधी, स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) नंतर. आणि धावसंख्या. नवा ऐकणारा गाडीत बसून नुकताच रेडिओ लावतो, त्याला पहिल्यांदा तीच हवी असते. डॉजर्स संघाचा निवेदक रेड बार्बर यासाठी माइकजवळ अंडी उकडताना लावतात ते तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. एवढी साधी युक्ती, पण आजही कित्येक प्रक्षेपणांत पाच-पाच मिनिटं ऐकत बसावं लागतं, कोण पुढे आहे ते कळत नाही. उंच फटक्याचंही असंच. नवखा निवेदक चेंडूकडे बघतो आणि दर तिसऱ्या झेलाला ‘होम रन!’ म्हणून ओरडतो. मुरलेला निवेदक चेंडू सोडून बाहेरच्या क्षेत्ररक्षकाकडे बघतो. तो पाठ फिरवून पळाला तर चेंडू कुंपणाकडे चाललाय. तो जागीच थबकून वर बघायला लागला तर झेल आहे, ओरडायचं कारण नाही.

मेजर लीगचा सामना रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आला तो ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून. बोलणारा हॅरल्ड आर्लिन खेळाडू नव्हता. पहिला खेळाडू माइकवर आला तो १९३२ मध्ये, क्लीव्हलंडला: जॅक ग्रेनी, त्याच संघाचा जुना लेफ्ट फील्डर. बेब रूथ पिचर म्हणून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्यासमोर आलेला पहिला फलंदाज हाच. समालोचकांसाठी असलेला फ्रिक पुरस्कार त्याला जाहीर झाला २०२२ साठी, मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. असो.

खरा धुमाकूळ घातला तो डिझी डीनने. सेंट लुईस कार्डिनल्सचा हा पिचर. १९३४ च्या एका मोसमात ३० विजय. खांदा गेल्यावर १९४१ मध्ये तो रेडिओवर आला आणि शाळा फारशी न शिकलेल्या माणसाची इंग्रजी जशीच्या तशी हवेत सोडली. भूतकाळाची रूपं तो मनानेच बनवायचा. ‘स्लिड’ला ‘स्लड’ म्हणायचा. मिझुरीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी तक्रार केली की याने पोरांची भाषा बिघडते. श्रोत्यांना तो आवडला तो नेमका याचमुळे. आपल्याकडे प्रमाणभाषेवरून बाह्या सरसावणाऱ्यांना हा वाद नवा वाटणार नाही.

पण डीनची खरी परीक्षा वेगळीच झाली. १९४७ मध्ये तो सेंट लुईस ब्राउन्सचे सामने सांगत होता. संघ रडतखडत चाललेला. डीनने माइकवरून त्यांच्या पिचर्सची इतकी सालं काढली की शेवटी मालकांनीच त्याला म्हटलं, मग तूच टाक. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, सदतीस वर्षांचा डीन शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध उतरला. चार डाव टाकले, एकही धाव दिली नाही, स्वतः एक हिट मारला आणि धावताना मांडीचा स्नायू दुखावून बाहेर आला. ‘तुला काय जातंय बोलायला’ या जगातल्या सर्वांत जुन्या टोमण्याला कुठल्या समालोचकाने इतकं पुरतं उत्तर दिलेलं ऐकिवात नाही.

एक गोष्ट मोजून बघण्यासारखी आहे. चांगले निघालेले माजी खेळाडू आठवत गेलं की त्यांत कॅचर फार. मॅकार्व्हर, जो गॅराजिओला, बॉब यूकर. कारण जागेत आहे. बाकी आठ जण होम प्लेटच्या दिशेने, म्हणजे आत बघत उभे असतात. एकटा कॅचर मैदानाकडे तोंड करून बसतो. प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा हे बोटांच्या खुणांनी तोच सुचवत आला, प्रत्येक फलंदाज त्याच्या हाताच्या अंतरावर उभा राहिला, पंचाची कुजबुज त्यानेच ऐकली. त्याचा दिवसभराचा धंदाच मुळी ‘पुढचा चेंडू कोणता’ हा. माइकवर येऊन त्याला फक्त तो मोठ्याने करायचा असतो. (अर्नी हार्वेल या निवेदकाच्या बदल्यात १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी ॲटलांटा संघाला क्लिफ डॅपर नावाचा खेळाडू देऊन टाकला. तोही कॅचरच!)

दुसरी खूण अशी की यातले बरेच जण बेताचे खेळाडू होते. यूकर सहा मोसम खेळला, सरासरी .२००, म्हणजे पाच वेळा उतरला तर एकदा हिट. होम रन एकूण १४. १९६७ मध्ये फिल नीक्रोचे नकलबॉल पकडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. नकलबॉलला फिरकी जवळजवळ नसते, त्यामुळे तो हवेत कुठेही भरकटतो. यूकर निम्म्यापेक्षा कमी सामने खेळला आणि तरी हातून सुटलेल्या चेंडूंत लीगमध्ये पहिला आला. नकलबॉल कसा पकडायचा यावर त्याचं उत्तर ठरलेलं: तो गडगडायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग उचलायचा. या माणसाने १९७१ पासून २०२४ पर्यंत मिलवॉकी ब्रूअर्सचे सामने रेडिओवर सांगितले, आणि जानेवारी २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो गेला. मिलवॉकीच्या मैदानात त्याचा एक पुतळा पार वरच्या मजल्यावर, स्वस्तातल्या शेवटच्या रांगेत बसवलाय.

ज्याला सगळं सहज जमलं त्याला ते कसं जमलं हे सांगता येत नाही. ज्याला बाकावर बसून वर्षं काढावी लागली, त्याने खेळ बघितलेला असतो. थोरांपैकी जे माइकवर टिकले ते या नियमाला अपवाद म्हणून. जो मॉर्गन घ्या. १९७५ आणि १९७६ चा सर्वोत्तम खेळाडू, सिनसिनाटीचा सेकंड बेसमन. ईएसपीएनच्या रविवारच्या सामन्यांत तो जॉन मिलरच्या शेजारी १९९० ते २०१० असा बसला. तिथे त्याने नव्या आकडेवारीशी उभा दावा मांडला. सरासरी, आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेल्या धावा) आणि ‘मी खेळलोय, मला कळतं’ यापलीकडे तो जायला तयार नसे. गंमत अशी की ज्या आकड्यांवर तो चिडायचा, ते आकडे सर्वांत जास्त कौतुक कोणाचं करतात? जो मॉर्गनचं. कारकिर्दीत तो .३९२ या दराने बेसवर पोचला, १,८६५ वेळा नुसता संयम ठेवून, चार बॉल सोडून, पहिल्या बेसवर चालत गेला, ६८९ बेस चोरले. जुन्या हिशेबात यातलं निम्मं दिसतच नाही. बिचाऱ्याने स्वतःच्याच वकिलाला कोर्टाबाहेर काढलं.

जॉन स्मोल्ट्झचा मामला जरा वेगळा. २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), हे दोन्ही एकट्याने करणारा दुसरा पिचर नाही. चेंडूंच्या क्रमावर बोलायला लागला की ऐकत राहावं: आधीचा वरचा वेगवान चेंडू फलंदाजाची नजर कशी उचलतो, मग खाली वळणारा स्लायडर त्याला का दिसत नाही, पुढचा खांदा लवकर उघडला की बाहेरचा चेंडू त्याच्या आवाक्यातून कसा जातो. पण आजचे पिचर पाच डावांत का बदलतात, बाद होण्याची कोणाला लाज का नाही, हे गाऱ्हाणं सुरू झालं की चौथ्या डावापर्यंत ‘आमच्या वेळी’चा पाढा पुरा होतो. समोर चाललेला खेळच नको असलेला माणूस तो खेळ दाखवायला का बसतो, हे कोडं आहे. याच्या उलट न्यूयॉर्क मेट्सचं त्रिकूट. २००६ पासून गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग. निवेदक एक, फर्स्ट बेसमन एक, पिचर एक. हर्नांडेझ अकरा वेळा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळवलेला. फर्स्ट बेसमनचा पाय एक फूट चुकीच्या बाजूला असेल तरी तो बोलतो, मग तो मेट्सचा का असेना. डार्लिंग हातमोज्याकडे बघतो. पिचरने चेंजअपसाठी (फसव्या संथ चेंडूसाठी) बोटं पसरली की मोजा किंचित रुंदावतो, आणि समोरच्या संघाला ते दिसत असेल तर पुढच्या चेंडूचं गुपित फुटलंच.

‘मग तो मेट्सचा का असेना’ हे म्हटलं त्यात या धंद्याची गोम आहे. राष्ट्रीय वाहिन्या सोडल्या तर मोसमातल्या १६२ सामन्यांपैकी बहुतेक सामने स्थानिक आवाज सांगतात. त्यांची नेमणूक संघाच्या संमतीने होते, पगारही कित्येकदा संघाच्याच पैशातून येतो, आणि प्रवास खेळाडूंच्याच विमानाने. दिवसा ज्याच्या गोलंदाजीची चिरफाड केली तो रात्री तीन रांगा पुढे बसलेला असतो. २०१७ मध्ये बॉस्टनचा समालोचक डेनिस एकर्सली याने बॉस्टनच्याच एका पिचरचे आकडे पडद्यावर बघून नुसतं ‘यक’ म्हटलं. पुढे विमानात संघातलाच दुसरा पिचर डेव्हिड प्राइस याने सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. अक्षरं दोन, बोभाटा महिनाभर. सुनील गावस्कर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर यांच्या नावांवरून आपल्याकडे जे वाद पेटतात, आणि हर्षा भोगले खेळलेला नाही म्हणून त्याला जे ऐकावं लागतं, ते सगळं बेसबॉलच्या दुनियेत कधीचं होऊन बसलंय.

एकर्सलीला मात्र ‘तुला काय कळतं’ म्हणायची सोय नाही. १५ ऑक्टोबर १९८८, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, नववा डाव, दोन बाद, मोजणी भरलेली (तीन बॉल, दोन स्ट्राइक): दोन्ही पाय दुखावलेल्या कर्क गिब्सनने ज्याच्या चेंडूवर होम रन मारून सामना संपवला, तो पिचर एकर्सलीच. अशा फटक्याला ‘वॉक-ऑफ’ म्हणतात, आणि तो शब्द रूढ केल्याचं श्रेयही त्यालाच देतात. हरलेल्या पिचरने मान खाली घालून चालू पडायचं, म्हणून वॉक-ऑफ. पुढे एकर्सली बॉस्टनला माइकवर आला आणि गिब्सन डेट्रॉइटला. त्या रात्री एनबीसीवर होता व्हिन स्कली, १९५० ते २०१६ असे ६७ मोसम डॉजर्सचा आवाज. चेंडू कुंपणापार गेल्याचं त्याने सांगितलं आणि मग मिनिटभराहून जास्त काळ तो एक शब्द बोलला नाही. लंगडत बेस ओलांडणारा गिब्सन आणि लोकांचा कल्लोळ, दोन्ही प्रेक्षकांना दिसत-ऐकू येतच होतं. डॉजर्सचे सामने तो एकट्याने सांगायचा, शेजारी माजी खेळाडू नाही. १९६५ मध्ये सँडी कोफॅक्सच्या परिपूर्ण सामन्याच्या (एकही फलंदाज बेसवर पोचू न दिलेल्या) शेवटी, रेडिओवर, त्याने घड्याळातली वेळही सांगितली: रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं. टीव्हीवर गप्प बसायचं आणि रेडिओवर घड्याळ वाचायचं, दोन्हीचा विचार एकच आहे. ऐकणाऱ्याकडे काय नाही, ते त्याला द्यायचं.

जाता जाता काळांविषयी, म्हणजे व्याकरणातल्या. इंग्रजी समालोचन वर्तमानकाळात चालतं. पिचर ‘टाकतो’, फलंदाज ‘मारतो’. सिनसिनाटीचा वेट हॉइट, हाही जुना पिचर, रूथचा सोबती, एकटा भूतकाळात बोलायचा: तो म्हणेपर्यंत चेंडू पडून गेलेला असतो, मग ‘पडतो’ कशाला म्हणायचं? इंग्रजी श्रोत्यांना हे विचित्र वाटलं. मराठीत मात्र हेच सरळ आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट ऐकत वाढलेल्या कानाला ‘टोलवला!’ हेच ताजं वाटतं, ‘टोलवतो आहे’ म्हटलं तर चेंडू अजून बॅटपाशीच अडकल्यासारखा वाटेल. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले.

शब्दांचंही तसंच. चौकार, षटकार, त्रिफळा, पायचीत, निर्धाव षटक हे शब्द कोणीतरी घडवले, माइकवरून रुळवले. स्पॅनिशने बेसबॉलसाठी हेच केलं. तिकडे स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद होण्याला) ‘पोंचे’ म्हणतात, होम रनला ‘होनरोन’. इक्वेडोरहून आलेला हाइमे हार्रीन १९५९ पासून २०२२ पर्यंत डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगत होता. देश सोडला तेव्हा त्याने हा खेळ पाहिलेलाही नव्हता. सुरुवातीच्या काही वर्षांत परगावच्या सामन्यांना त्याला नेतही नसत. तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून इंग्रजी प्रक्षेपण ऐकायचा आणि स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचा. १९८१ मध्ये मेक्सिकोहून आलेल्या वीस वर्षांच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएलाने लीग हादरवून सोडली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा पत्रकारांपुढे त्याचा दुभाषा झाला हार्रीन. २००३ मध्ये तोच व्हॅलेन्झुएला डॉजर्सच्या स्पॅनिश प्रक्षेपणात माजी खेळाडू म्हणून रुजू झाला आणि हार्रीनच्या शेजारच्या खुर्चीत बसला.